कपाट तेच, रंग नवा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी ओसरल्यावर आम्ही सांगलीतल्या आमच्या घराचे दार उघडले. आधी चिखलाचा वास आला, मग पायाखाली काहीतरी पचपचीत लागले. बॅटरी मारून पाहिले, तर ती स्वयंपाकघरातल्या नव्या ट्रॉलीची फळी होती. भुश्श्याची दाबून केलेली फळी पाणी प्याली होती, भाकरीसारखी फुगली होती आणि हात लावताच तिचे पापुद्रे सुटत होते. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४५ फूट असते. म्हणजे किती घरांची स्वयंपाकघरे पाण्याखाली गेली असतील, याची कल्पना आपण करू शकता.

पुढचे आठ-दहा दिवस आमच्या गल्लीच्या तोंडाशी फुगलेल्या कपाटांचा ढीग साठत गेला. आमच्या घरातल्या ट्रॉल्याही त्यावर गेल्या. त्यांच्या मागोमाग मुलाने अम्माचे जुने सागवानी कपाट उचलायला घेतले. अम्मा तेव्हा ऐंशीच्या घरात होती. ती दारातूनच म्हणाली, "त्याला हात लावू नको. त्याला काय झालंय? रंग तेवढा गेलाय."

ती म्हणाली ते खरे होते. चिखल धुतला, कपाट पंधरा दिवस सावलीत वाळू दिले आणि सुताराने ठोकून पाहिले. लाकूड शाबूत होते. दारे थोडी फुगली होती, ती वाळल्यावर पुन्हा चौकटीत बसली. तेव्हापासून मी या कपाटाचा आणि त्याच्या रंगाचा विचार करतो आहे. आज त्याबद्दलच बोलायचे आहे.

हे कपाट मुळात कपाट नव्हतेच. ते वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरातले फडताळ होते. जुन्या घरांच्या भिंती हात-दीड हात जाडीच्या. त्या भिंतीत पोकळी ठेवायची, तिला सागाची चौकट आणि दोन झडपा बसवायच्या, की झाले फडताळ. बाकी संसार कोनाड्यात, उतरंडीत, शिंकाळ्यावर आणि मांडणीवर. मांजराच्या भीतीने दूधदुभते जाळीच्या कपाटात. आम्ही गाव सोडून सांगलीला आलो, तेव्हा वडिलांनी घराच्या भिंती मागे ठेवल्या आणि फडताळाची चौकट दारांसकट काढून बैलगाडीत घातली. सांगलीच्या सुताराने तिला पाठ आणि कुशी लावल्या. भिंतीतले फडताळ असे पायांवर उभे राहिले.

आता रंगाकडे येऊ. आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात रंग जवळजवळ नव्हता. भिंती पांढऱ्या मातीने किंवा चुन्याने सारवायच्या, जमीन शेणाने. लाकडाला वर्षातून एकदा तेलपाणी. याचे कारण गरिबी हे होतेच, पण त्याहून मोठे कारण चूल हे होते. शेणी आणि काटक्यांचा धूर रोज दोन वेळा आढ्याला जाऊन बसायचा. महिनाभरात पिवळे काय आणि निळे काय, सगळ्याचा एकच रंग व्हायचा. ज्या घरात आधी रॉकेलचा स्टो आला आणि मग गॅस आला, त्या घरात रंग टिकू लागला. तेलाचा रंग ओल्या फडक्याने पुसता येतो, हळदीचा डाग त्यात मुरत नाही, हे बायकांच्या लवकर लक्षात आले. धूर गेला आणि स्वयंपाकघरात रंग आला, असा हा क्रम आहे.

रंगाचा विषय निघाला की आपल्या भागातली एक गोष्ट मला नेहमी आठवते. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. तिथे कळले, की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. त्यांनी रंगांची नाद सोडला आणि यांत्रिक रेखाटन शिकून घेतले. पुढे बेळगावात सायकलींचे दुकान, कडबा कापायचे यंत्र, लोखंडी नांगर असा त्यांचा प्रवास झाला. बेळगावातली जागा सोडायची वेळ आली, तेव्हा औंधच्या राजाने त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ निवडुंगाने भरलेला माळ दिला. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे औंधचे राजे म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधी. ते स्वतः चित्रकार होते. त्यांनी रामायणाची चित्रमाला काढली आणि १९३८ साली औंधला चित्रांचे संग्रहालय उघडले. रंग न दिसणारा कारखानदार आणि रंगांत बुडालेला राजा, अशा दोघांच्या मैत्रीतून आपल्याकडचा हा उद्योग जन्मला. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगलीत.

याच किर्लोस्करवाडीत १९३० च्या दशकात लोखंडी फर्निचरही तयार होऊ लागले. लोखंड रंगाशिवाय राहू शकत नाही, नाहीतर गंज धरतो. लाकूड उघडे राहिले तर काळवंडते, पण लोखंड उघडे राहिले तर संपते. म्हणून लोखंडी सामानाबरोबर दर काही वर्षांनी खरवडून पुन्हा रंगवायची सवयही घरात आली, असे मला वाटते. लोखंडी खाटेला रंग लावताना डब्यात थोडा उरला, की तो शेजारच्या लाकडी दाराला लागायचा.

आपले जिल्हेही तसेच आहेत म्हणा. १९४९ साली संस्थाने विलीन झाल्यावर साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि संस्थानी मुलूख मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला. १९६० साली त्याचेच नाव सांगली झाले. माणसे तीच, शेते तीच, पाटी नवी. माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा दक्षिण सातारा आहे आणि माझ्या दाखल्यावर सांगली. गाव मात्र एकच.

तयार रंग पूर्वी विलायतेतून यायचा. आपल्याकडे १९०२ साली कलकत्त्याजवळ हावड्याला शालिमारचा कारखाना निघाला होता, तरी बाजार बाहेरच्या मालाचाच होता. दुसऱ्या महायुद्धात आयात बंद पडली. त्या अडचणीत १९४२ साली मुंबईत गिरगावच्या गायवाडीत चार मित्रांनी रंग घोटायला सुरुवात केली. तीच पुढची एशियन पेंट्स. शहरातले मोठे व्यापारी या नव्या कंपनीला दारात उभे करीनात, म्हणून ती छोटे छोटे डबे घेऊन खेड्यांत गेली. खेड्यात रंग कोण घेणार? शेतकरी घेणार, आणि कशासाठी, तर बैलांच्या शिंगांसाठी. हातात ब्रश आणि डबा धरलेला, केस डोळ्यांवर आलेला तो खट्याळ 'गट्टू' आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढला. आमच्या पिढीने तो दुकानांच्या पाट्यांवर पाहिलेला आहे.

विदर्भ-मराठवाड्यात पोळा, तसा आमच्याकडे बेंदूर. आमच्या घरी दोन बैल होते. ईदला जसे नवे कपडे, तसे बेंदराला शिंगांना हिंगूळ आणि रंग. वडील आदल्या दिवशी बाजारातून दोन लहान डबे आणायचे. शिंगांना लागून लागून किती लागणार? उरलेला रंग वाया कसा घालवायचा? तो अम्माच्या फडताळाला लागायचा. एका वर्षी शेंदरी, एका वर्षी पोपटी. बैल आणि फडताळ वर्षभर एकाच रंगात. पुढे सांगलीला आल्यावर बैल गेले, पण रीत राहिली. वडिलांनी दुकानाचे शटर निळे केले, तेव्हा कपाट निळे झाले. शेजाऱ्यांनी खिडक्यांचे गज हिरवे केले आणि अर्धा डबा आम्हाला दिला, तेव्हा ते हिरवे झाले.

घाईत रंग लावला की काय होते, याचा अनुभव माझ्या पदरी आहे. एका पावसाळ्यात ईद आली होती. मी नुकताच बी. ए. झालो होतो, उत्साह भरपूर. कपाट न धुता, न घासता, दारे न उतरवता मी त्यावर सरळ तेलाचा रंग मारला. तेलाचा रंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातले तेल हवेतला प्राणवायू घेते आणि घट्ट होते, आणि दमट, गार हवेत हे काम फार रेंगाळते. तिसऱ्या दिवशीही कपाट चिकटत होते. पाहुण्यांच्या शीरखुर्म्याला टर्पेंटाइनचा वास आला. दिवाळीपर्यंत फोडणीच्या तेलकटपणावर बसलेला तो रंग मुठीएवढ्या पापुद्र्यांनी निघू लागला. अम्मा एवढेच म्हणाली, "शिकलास, पण काम नाही शिकलास."

२०१९ साली मात्र काम नीट केले. पूर ओसरून दोन-अडीच महिने झाले होते, ऊन कोरडे पडले होते. ओळखीतले एक वयस्क रंगारी मामा आले. त्यांनी पहिल्या दिवशी डबाच उघडू दिला नाही. बिजागऱ्यांचे स्क्रू काढून दारे उतरवली आणि मागे खडूने नंबर घातले. सोड्याच्या गरम पाण्याने सगळा तेलकटपणा धुतला. मग पाणी लावून काचपेपर. कोरडे घासू नका, म्हणाले, आणि नातवंडांना बाहेर पाठवा. या खबरदारीमागे कारण आहे. जुन्या तेलाच्या रंगांत, विशेषतः पिवळ्या आणि शेंदरी रंगांत शिसे असायचे. ते धुळीतून पोटात गेले, तर लहान मुलांच्या मेंदूला इजा होते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या रंगावर विश्वास ठेवू नये. तोंडाला फडके बांधून, ओले घासून, निघालेला चिखल कागदात गुंडाळून टाकून द्यावा. कपाट कितीही जिव्हाळ्याचे असले, तरी त्याचे जुने पापुद्रे जिव्हाळ्याचे नाहीत.

घासताना एकाखाली एक रंग निघत गेले. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली पोपटी, त्याखाली शेंदरी. नातवंडे लांबूनच ओरडून विचारत होती, हा कधीचा? आणि अम्मा सांगत होती, "तो मोत्या बैल होता त्या सालचा." मग खडूची भुकटी आणि जवसाचे तेल मळून केलेली लांबी भेगांत भरली, ती वाळल्यावर पुन्हा घासले, मग प्रायमर. आता रंगाचे दोन हात द्यायचे राहिले.

मी मामांना म्हणालो, "हिरवाच आणू या, होता तसा." तेवढ्यात अम्मा म्हणाली, "मला कुणी इचारलंय का?"

खरोखर, कुणी विचारले नव्हते. पन्नासहून जास्त वर्षे ती त्या कपाटासमोर उभी राहत आली होती, आणि त्याचा रंग ठरवला होता बैलांनी, शटरने, शेजाऱ्यांच्या खिडक्यांनी. मी कवी म्हणवतो. रंगांवर मी ओळीच्या ओळी लिहिल्या आहेत. पण तुला कोणता रंग आवडतो, हे आईला विचारायचे मला सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिला रिक्षात घालून रंगाच्या दुकानात नेले. काउंटरवरच्या मुलाने शेडकार्ड पुढे केले. शेकडो रंग, त्यांची इंग्रजी नावे आणि नंबर. अम्माने ते बाजूला सारले आणि म्हणाली, "चिंतामणी." मुलगा माझ्याकडे बघू लागला. त्याने हा शब्द ऐकलाच नव्हता. त्याची चूक नाही. आमसुली, डाळिंबी, अंजिरी, अबोली, मोरपंखी ही आपली रंगांची नावे स्वयंपाकघरातून, परसातून आणि लुगड्यांच्या दुकानातून आली. शेडकार्डात त्यांना जागा मिळाली नाही. अम्माने पिशवीतून जुन्या इरकलीचा एक तुकडा काढला. तिच्या लग्नातली साडी, निळ्यात जांभळी झाक मारणारी. "हे बघ, असा." मुलाने तुकडा उजेडात धरला, शेडकार्डाशी ताडून पाहिला आणि यंत्रावर रंग मिसळून दिला. थोडा उजळ झाला, दुसऱ्या वेळी जमला.

नव्या ट्रॉल्यांचा हिशेब लाखाच्या पुढे जात होता. कपाटाला लागली ती मजुरी, लांबी, प्रायमर आणि दोन डबे रंग. पण मी सगळ्यांना जुनेच ठेवा असे सांगणार नाही. भुश्श्याची फळी एकदा फुगली की तिला रंगाने वाचवता येत नाही. वाळवी लागलेले लाकूडही सोडून द्यावे. आधी टिचकी मारून पाहावे. आतून बद्द आवाज आला तर निरोप द्यावा, खणखणीत आला तर काचपेपर आणावा. मिरजेतल्या शिकलगारांच्या हातांनी एकेकाळी तलवारींना धार लावली, नंतर त्याच हातांनी सतारी आणि तंबोरे घडवले. जुने वाद्य त्यांच्याकडे आले, की तेही आधी भोपळ्यावर बोट वाजवून ऐकतात, लाखेच्या पॉलिशचे नंतर बघतात.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढू लागले. घर रिकामे करताना काय काय वर न्यायचे, याची आमची धांदल चालली होती. कागदपत्रे, गॅसची टाकी, धान्याचे डबे. अम्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "आधी माझी दारं काढा."

चार बिजागऱ्या आणि सोळा स्क्रू. मुलाने दहा मिनिटांत दारे उतरवली आणि माळ्यावर नेली. त्या कपाटाबद्दल बोलताना तिने 'माझी' हा शब्द वापरलेला मी पहिल्यांदाच ऐकला.