जलाशयाकाठचे सुट्टीचे घर : मावळपट्ट्यातील दिवस, पाणी व जमीन यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मुंबई व पुणे येथील सुस्थित कुटुंबांनी शनिवार-रविवार घालविण्यासाठी मुळशी, पवना, वरसगाव या जलाशयांच्या काठी घर घेणे, ही १९९१ नंतरच्या काळातील एक ठळक सामाजिक प्रवृत्ती आहे. या प्रवृत्तीचा विचार बहुधा पर्यटन, अर्थकारण किंवा पर्यावरण यांच्या अंगाने केला जातो. तिची ऐतिहासिक बाजू तुलनेने दुर्लक्षित राहिली आहे. असे घर उभे राहण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक असतात : मोकळा दिवस, काठ असलेले पाणी आणि विकत घेता येईल अशी जमीन. मावळपट्ट्यात या तिन्हींपैकी एकही गोष्ट निसर्गाने आयती दिलेली नाही. प्रत्येकीमागे एक संघर्ष किंवा एक शासकीय निर्णय आहे. या तिन्हींचा मागोवा घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

१. मोकळा दिवस

सुट्टी घालविण्यासाठी थंड हवेच्या ठिकाणी दुसरे घर असावे, ही कल्पना पश्चिम भारतात इंग्रजी राजवटीत रुजली. महाबळेश्वर १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात, तर माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या पुढाकाराने पुढे आले. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाल्यावर लोणावळा-खंडाळा परिसर मुंबईच्या आवाक्यात आला आणि तेथे मुंबईतील धनिकांचे बंगले उभे राहिले. तथापि ही घरे प्रामुख्याने उन्हाळ्याच्या दीर्घ मुक्कामासाठी होती. त्यांचा आठवड्याच्या सुट्टीशी फारसा संबंध नव्हता.

आठवड्याच्या सुट्टीचा इतिहास निराळा आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मिळाली. १० जून १८९० पासून ती लागू झाल्याचे मानले जाते. पुढे माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात पाच दिवसांचा आठवडा रूढ झाला आणि महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांनाही तो २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाला. म्हणजेच ज्या दिवसाच्या आधारे आज जलाशयाकाठी घर घेतले जाते, तो दिवस मुळात श्रमिकांनी झगडून मिळविला होता.

२. काठ असलेले पाणी

सह्याद्रीच्या या भागात मोठी नैसर्गिक सरोवरे नाहीत. जाहिरातीत ज्याला ‘लेक’ म्हटले जाते, तो सरकारदप्तरी धरणाचा जलाशय असतो. नावातील हा बदल किरकोळ नाही. ‘तलाव’ म्हटले की पाणी पूर्वीपासून तेथेच होते असे वाटते. ‘धरण’ म्हटले की पाण्याखाली काय गेले, हा प्रश्न उपस्थित होतो.

मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी टाटांच्या जलविद्युत कंपनीने लोणावळा परिसरात धरणे बांधली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. त्यानंतर कंपनीने मुळा-नीला संगमाजवळ मुळशीचे धरण हाती घेतले. या खोऱ्यातील भातखाचरे आंबेमोहोर तांदळासाठी प्रसिद्ध होती. पन्नासच्या आसपास गावांवर बुडिताचे संकट आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, मुळशी सत्याग्रहाला प्रारंभ झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे प्रमुख नेते होते. याच लढ्याने बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी दिली.

या लढ्याचा एक पैलू आजच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. जमीन कसणारे आणि जमिनीचे कागदोपत्री मालक हे सर्वत्र एकच नव्हते. अनेक जमिनींवर पुण्यातील सावकारांचा हक्क होता. मोबदला मिळत असेल तर धरणाला विरोध करण्याचे कारण त्यांना उरत नव्हते. कसणाऱ्याच्या दृष्टीने मात्र शेत, देवस्थान आणि गाव हे सारे एकाच वेळी जात होते. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या अभ्यासात हा हितसंबंधांचा भेद स्पष्ट केला आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने कंपनीच्या कामासाठी जमीन घेण्याची मुभा दिली होती. १९२४ पर्यंत आंदोलन मोडून पडले. १९२७ मध्ये भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले आणि मुळशीचे पाणी घाटमाथा ओलांडून कोकणात उतरू लागले.

स्वातंत्र्योत्तर काळात धरणांचा हेतू बदलला. पवना, पानशेत, वरसगाव ही धरणे सिंचन व शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधली गेली. विस्थापनाचे स्वरूप मात्र बदलले नाही. पवना धरणग्रस्तांपैकी अनेक कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळला. महाराष्ट्राने पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला तो १९७६ मध्ये, म्हणजे पवनेची गावे उठल्यानंतर. उन्हाळ्यात पवनेचे पाणी ओसरले की वाघेश्वराचे जुने मंदिर उघडे पडते. आठवड्याच्या सुट्टीला आलेल्या पाहुण्यांसाठी ते प्रेक्षणीय स्थळ ठरते. उठून गेलेल्या गावकऱ्यांसाठी ते गावाची शिल्लक राहिलेली खूण असते.

३. विकत घेता येणारी जमीन

मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ हा कसणाऱ्याला जमीन मिळावी या हेतूने झालेला कायदा होय. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरवून कुळांना मालकी देण्याची प्रक्रिया सुरू झाली. याच कायद्याच्या कलम ६३ ने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकण्यावर निर्बंध घातले. त्यामुळे शहरी कुटुंबाला काठावरची जमीन सहजासहजी घेता येत नव्हती. सातबाऱ्यावर आपले नाव असणे, किंवा जमीन रीतसर बिनशेती झालेली असणे, हे दोन मार्ग प्रामुख्याने उरत.

१९९१ नंतरच्या उदारीकरणाने शहरी उत्पन्न वाढविले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला आणि अंतर कमी झाले. त्यापूर्वीच, १९९६ मध्ये, राज्य शासनाने खासगी गुंतवणुकीतून गिरिस्थाने विकसित करण्याची नियमावली केली होती. वरसगावच्या वीर बाजी पासलकर जलाशयाकाठी दासवे परिसरात उभे राहिलेले लवासा हे त्या धोरणाचे सर्वांत गाजलेले उदाहरण होय. धरणासाठी संपादित झालेल्या जमिनीपैकी काही भाग महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाने या प्रकल्पाला भाडेपट्ट्याने दिला. एका सार्वजनिक प्रयोजनासाठी घेतलेली जमीन अशा रीतीने निराळ्याच प्रयोजनाकडे वळली. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने प्रकल्पाला नोटीस बजावली. पुढे २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि घरासाठी पैसे गुंतविलेली कुटुंबेही अडकून पडली. येथे ग्राहकालाही केवळ लाभार्थी म्हणता येत नाही, हे नोंदविणे आवश्यक आहे.

पाण्यावरील हक्काचा प्रश्न ९ ऑगस्ट २०११ रोजी पुन्हा तीव्रतेने समोर आला. पवनेचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्यास विरोध करणाऱ्या मावळातील शेतकऱ्यांवर द्रुतगती मार्गावर बऊर येथे पोलिसांनी गोळीबार केला. त्यात तिघांचा मृत्यू झाला. हा मार्ग ज्यांना जलाशयाकाठी सुट्टीसाठी घेऊन जातो, त्यांच्या आणि त्या जलाशयासाठी जमीन दिलेल्यांच्या मागण्या किती भिन्न आहेत, याचे हे विदारक दर्शन होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, जलाशयाकाठचे सुट्टीचे घर ही केवळ खासगी आवडीची बाब नाही. त्यासाठीचा दिवस कामगार चळवळीने मिळविला, पाणी विस्थापनाने साचले आणि जमीन कायद्याच्या बदलत्या अर्थाने बाजारात आली. गिरणी कामगाराने सुट्टी मिळविली, गिरण्यांच्या विजेसाठी मावळातील शेतकऱ्याचे शेत बुडाले आणि या दोहोंचा उपभोग शतकानंतर तिसराच वर्ग घेत आहे. कुटुंबाने एकत्र विसावा घ्यावा, ही इच्छा गैर नाही. मात्र घर घेताना सातबारा जितक्या काळजीने तपासला जातो, तितक्याच काळजीने त्या जमिनीवर व त्या पाण्याखाली पूर्वी कोण राहत होते, हेही तपासले जाणे आवश्यक आहे. बुडालेल्या गावांतून उठलेल्या पिढीच्या आठवणी नोंदवून ठेवण्याचे काम परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सहज हाती घेता येण्यासारखे आहे. ती पिढी आता थकली आहे; म्हणून हे काम लांबणीवर टाकता येणार नाही.