देवळालीचा ताप

लंडनच्या क्लायंटसोबत कॉल चालू होता. सर्व्हर सकाळपासून मनाला येईल तेव्हा बंद पडत होता. तिकडचा वयस्कर इंजिनिअर वैतागून म्हणाला, 'हा डुलाली झालाय.' म्हणजे येडा झालाय. नंतर शोधलं, तर हे डुलाली म्हणजे आपलं नाशिकजवळचं देवळाली निघालं!

1861 मध्ये इंग्रजांनी तिथे छावणी वसवली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई घरी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथे थांबायचे. मेख अशी, की सैन्याच्या बोटी साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच चालायच्या. हंगाम हुकला की पुढच्या हिवाळ्यापर्यंत मुक्काम. हत्यार काढून घेतलेलं, काम नाही, वर उन्हाळा आणि हिवताप. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या शिपायाने 1936 च्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या पुस्तकात लिहिलंय, की नोकरीभर सरळ वागलेली माणसंही इथे भानगडी करून तुरुंगात जायची आणि मगच घरी. त्याच्या मते हा शब्द त्या कंटाळ्यातून आला. नेटवर सगळीकडे 'तिथे वेड्यांचं इस्पितळ होतं' एवढंच सापडतं. मला रिचर्ड्स जास्त पटतो. तो त्याच सैन्यातला होता. शिवाय घर समोर दिसत असताना तारीख मिळत नाही, तेव्हा माणसाचं काय होतं ते कळायला इस्पितळ कशाला लागतंय?

मूळ शब्द होता 'डुलाली टॅप'. हा टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला ताप! आम्ही कोल्हापूरकर रोज 'डोक्याला ताप' म्हणतो, तोच. पुढे इंग्रजांनी ताप सोडला आणि गाव ठेवलं. आमच्याकडे खुळा म्हणजे वेडाच, पण 'नाद खुळा' ही शाबासकी. तिकडे देवळालीच्या वाट्याला एवढं नशीब आलं नाही.

'देखो'चा डेको झाला, 'पक्का'चा पका. 'विलायती'चा ब्लायटी झाला, म्हणजे मायदेश. पहिल्या महायुद्धात तर घरी पाठवतील एवढी मोठी, पण जीव वाचेल अशी जखम झाली, की तिलाच ब्लायटी म्हणायचे. म्हणजे देवळालीत अडकलेल्याला जे हवं होतं, त्याचंही नाव आपल्याच भाषांतून गेलेलं.

पुढच्या कॉलला त्या इंजिनिअरला देवळालीचं लोकेशन पाठवलं. त्याला ते खरं गाव आहे हेच माहीत नव्हतं. म्हणाला, 'आता काय आहे तिथे?'

म्हटलं, 'तोफखान्याची शाळा. आणि रेल्वे स्टेशन. गाड्या बाराही महिने चालतात.'