गेममधल्या डंजनची आणि गावांची नावं कशी ठरतात?

मे महिन्यात आजोळी, झाईला गेलो होतो. तिथे माझ्या मामेभावाने माझा गेम माझ्या डोळ्यांसमोर फोनमधून काढून टाकला. सुट्टीच्या दिवसांत मी मोबाइलसाठी एक छोटा फँटसी रोल-प्लेइंग गेम बनवतोय, मराठीतून. त्याने दोन दिवस खेळला आणि मग म्हणाला, "दादा, नाव खाण लिहिलंय. मी होत्या नव्हत्या तेवढ्या मशाली घेऊन खाली उतरलो. आत लोखंडाचा तुकडा नाही, नुसती भुतं! मग नाव वाचायचं कशाला?"

चूक माझीच होती. कोडमध्ये नाव एका यादीतून यायचं आणि आतला नकाशा दुसऱ्या यादीतून. दोघांची गाठ मी कुठे घातलीच नव्हती.

आधी डंजन म्हणजे काय ते बघू. जुन्या फ्रेंचमध्ये 'दोंजों' म्हणजे किल्ल्यातला मुख्य, उंच बुरूज. तोच शब्द इंग्रजीत जाऊन हळूहळू खाली सरकला आणि किल्ल्याखालची अंधारकोठडी झाला. १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलावर खेळायचा गेम आला, आणि त्यानंतर आत शिरायचं, राक्षस मारायचे, लूट घेऊन जिवंत बाहेर यायचं अशा कुठल्याही जागेला डंजन म्हणायची पद्धत पडली. मग ती गुहा असो, थडगं असो, की पडका महाल.

पण या जागा एकसारख्या नसतात. प्रकार कळला की आत काय मिळेल याचा अंदाज बांधता येतो, आणि खेळाडू त्या अंदाजावरच तयारी करतो. २०२२ च्या 'एल्डन रिंग'मध्ये बोगदा म्हटला की शस्त्राची ताकद वाढवायचे दगड मिळणार. भुयारी स्मशान म्हटलं की सापळे, सांगाडे आणि आत्म्यांशी संबंधित वस्तू. अँड्रॉइड फोनवरचा 'शॅटर्ड पिक्सेल डंजन' फुकट आहे, तो उघडून बघा. पहिले पाच मजले गटाराचे, पुढचे पाच तुरुंगाचे, मग गुहा, मग बुटक्यांचं शहर आणि शेवटी राक्षसांची दालनं. गटारात उंदीर आणि खेकडे भेटतात. (चिंबोरीला घाबरणारा हिरो झाईत कोणाला पटत नाही, ते सोडा.) दर पाचव्या मजल्यावर बॉस. नकाशा प्रत्येक खेळात नवा तयार होतो, तरी खेळाडू हरवत नाही, कारण मजल्याचा प्रकार पक्का असतो.

आपल्याकडे ही व्यवस्था गेमच्या कितीतरी आधीपासून आहे. गिरिदुर्ग, जलदुर्ग, भुईकोट. नुसता शब्द ऐकला तरी लढाई कशी होईल ते कळतं. आमच्या पालघर जिल्ह्यातला अशेरीगड म्हणजे चढ आणि वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी. अर्नाळा म्हणजे होडीशिवाय जाणं नाही. गेमच्या भाषेत सांगायचं तर एकाला दमाची पट्टी लागते, दुसऱ्याला होडी.

बोर्डीजवळ बारडाच्या डोंगरात बहरोटची लेणी आहेत. तो आणखी वेगळा प्रकार. संजाणवर हल्ला झाला तेव्हा पारशांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, इथे आणून बारा वर्षं जपला अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे तो बऱ्याच ठिकाणी फिरला आणि १७४२ पासून उदवाड्याला आहे. म्हणजे ही आसऱ्याची गुहा, आत कोणी मारायला बसलेलं नाही. माझ्या गेममध्ये या लेण्यांवरून मी 'आसरा' नावाचा प्रकार घेतला: आत लढाई नाही, फक्त विश्रांती आणि सेव्ह. लेणी आणि अग्नी मात्र घेतले नाहीत. लोकांच्या श्रद्धेच्या जागेत बॉस उभा करणं मला बरोबर वाटत नाही.

आता नावं. गेममधलं चांगलं नाव बहुतेक दोन भागांचं असतं: एक भाग प्रकार सांगतो, दुसरा ओळख. डहाणू-तलासरीत पाडा म्हटलं की छोटी वस्ती, गड म्हटलं की डोंगर. ओळखीच्या भागात झाड दिसतं. चिंचणी, आंबेसरी, वडवली, उंबरगाव ही नावं वाचून बघा. भाषेचा थरही दिसतो. झाईच्या पलीकडे लगेच गुजरात लागतं. जुन्या उंबरगाव तालुक्यातला बराचसा भाग १९६० मध्ये तिकडे गेला. आपण उंबरगाव म्हणतो, गुजराती पाटीवर उमरगाम असतं. 'गाव'चं 'गाम' झालं की सरहद्द ओलांडली हे नकाशा न बघता कळतं. २०११ च्या 'स्कायरिम'मध्ये हीच युक्ती आहे: नॉर्ड लोकांची थडगी 'ब्लीक फॉल्स बॅरो'सारख्या नावांची, तर ड्वेमर लोकांचे यंत्रांनी भरलेले अवशेष 'एमझिन्चालेफ्ट'सारख्या जीभ अडखळवणाऱ्या नावांचे. नाव वाचता आलं नाही की समजायचं, आत यंत्रं आहेत.

शेकडो नावं हाताने कोण लिहिणार? त्यासाठी मार्कोव्ह साखळी वापरतात. नाव भारी असलं तरी काम सोपं आहे. प्रोग्रॅमला खऱ्या नावांची यादी द्यायची. कोणत्या अक्षरानंतर कोणतं अक्षर किती वेळा येतं हे तो मोजतो आणि तसेच फासे टाकून नवं नाव जुळवतो. मी आसपासच्या गावांची यादी दिली. पहिल्या खेपेला आलेली निम्मी नावं वेलांटी नाहीतर काना घेऊन सुरू होत होती, समोर तुटक ठिपक्यांचं वर्तुळ! कारण असं की 'बोर्डी' आपल्याला दोन अक्षरं दिसतात, पण युनिकोडमध्ये त्या सहा वेगळ्या खुणा आहेत: ब, ओकाराची मात्रा, र, हलन्त, ड, वेलांटी. इंग्रजीसाठी लिहिलेला कोड एकेक खूण तोडतो आणि मात्रा उघडी पडते. मराठीत करायचं असेल तर आधी पूर्ण अक्षरं वेगळी करा, मग मोजा. माझे दोन रविवार यात गेले, तुमचे जाऊ नयेत.

दुरुस्तीनंतर उधवाडी, करगाव, गांजाडवली अशी नावं आली. यातलं एकही गाव माझ्या यादीत नाही, पण एसटीच्या पाटीवर दिसलं तर कोणी थबकणार नाही. 'सावली'सुद्धा आलं, त्या नावाचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात खरंच आहे. म्हणून शेवटी एक चाळणी लावली: यादीतलं खरं नाव जसंच्या तसं आलं तर फेकायचं आणि पुन्हा फासे टाकायचे.

मामेभावाच्या तक्रारीवर उपाय आणखी साधा निघाला. आता आधी प्रकार ठरतो, त्यावरून नकाशा आणि लूट, आणि सगळ्यात शेवटी नाव. 'खाण' हा शब्द फक्त खाणीलाच लागू शकतो, कोडच दुसरीकडे लावू देत नाही. फसवायचंच असेल तर खेळाडूला सुगावा द्यावा लागतो. 'ओस खाण' लिहिलं की भुतं चालतात. त्याने गेम परत टाकून घेतलाय आणि सध्या ओस खाणीत अडकलाय.

एक गोष्ट मात्र चाळणीत अडकत राहिली. माझ्या यादीत 'झा'ने सुरू होणारं दुसरं गाव नाही, त्यामुळे फासा 'झा'वर पडला की पुढे 'ई' येतो आणि नाव तिथेच संपतं. प्रत्येक वेळी झाईच. तेवढं एक नाव मी चाळणीतून सोडलंय.