चौल : प्रवासवृत्ते आणि खाडीतील खुंट

कुंडलिका नदीच्या मुखाशी वसलेल्या चौल-रेवदंड्याइतकी प्रवासवृत्तांची दीर्घ परंपरा लाभलेली बंदरे कोकण किनाऱ्यावर थोडीच आहेत. चौलचा इतिहास बहुतांशी ह्या पाहुण्यांच्या मजकुरावरच उभा आहे. परंतु प्रवासी कोणत्या ऋतूत आला व कोणाच्या संगतीत वावरला, हे प्रश्न ती साधने वापरताना फारसे विचारले जात नाहीत.

अल्-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६-१७ त, सैमूर येथे होता. सैमूर म्हणजे चौल. देश राष्ट्रकूटांचा, स्थानिक अधिपती 'जंज', म्हणजे शिलाहार झंझ. सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले व्यापारी आणि त्यांची येथेच जन्मलेली संतती मिळून मुसलमानांची संख्या तो सुमारे दहा हजार सांगतो. हा आकडा मोजणीचा नव्हे, स्वसमाजात वावरलेल्या पाहुण्याचा अंदाज आहे. उरलेल्या गावाची संख्या द्यावी असे त्यास वाटले नाही.

सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोसाने केलेले वर्णन अधिक बोलके आहे. डिसेंबर ते मार्च ह्या महिन्यांत मलबारची गलबते नारळ, सुपारी व मसाले घेऊन येत. घाटावरचे व्यापारी लादलेल्या बैलांचे तांडे घेऊन उतरत आणि बाजार भरे. एरवी गावात माणसे थोडीच, असे तो म्हणतो. हे विधान शब्दशः घेतले तर चौल ही वर्षातून चार महिन्यांची जत्रा ठरेल. वस्तुतः बार्बोसा मोजतो तो व्यापारी. तो निघून गेला की त्याच्या लेखी गाव रिकामे होते.

ह्याला अपवाद अफनासी निकितिनचा. इ. स. १४७० च्या सुमारास तो येथे उतरला, तो विकावयाचा घोडा बरोबर घेऊन. त्याची पहिली नोंद मालाची नसून माणसांची आहे : अंगावर वस्त्र थोडे, डोके उघडे, केसांची एकच वेणी, आणि आपण जाऊ तेथे मागे लोकांची गर्दी, कारण गोरा माणूस त्यांना नवलाचा. पाहणाराच येथे पाहण्याचा विषय झाला आहे! पुढे तो पाली, उमरीवरून जुन्नरास गेला आणि पावसाळ्यास हिवाळा समजून तेथे राहिला. १५८३ मधील राल्फ फिच तर पोर्तुगीजांचा कैदी म्हणून गोव्यास नेला जात होता. चौलची दोन गावे, एक समुद्रालगत तटबंदीचे पोर्तुगीजांचे व दुसरे निजामशाहीतले, त्याने टिपली, आणि मालाची यादी दिली.

ह्या वृत्तांतून कोळी जवळजवळ हरवलेला आहे. तो सापडतो अनपेक्षित ठिकाणी, युद्धाच्या हकीकतीत. मार्च १५०८ मध्ये खाडीत पोर्तुगीज आरमाराची इजिप्तच्या आणि मलिक अयाझच्या गुजराती आरमाराशी गाठ पडली. माघार घेताना व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेदा याचे जहाज मासे धरण्यासाठी रोवलेल्या खुंटांत अडकले. जहाजात पाणी भरत होते, ओहोटी लागली, ओढून काढण्याचा प्रयत्न निष्फळ झाला, आणि लोरेन्सो मारला गेला. पोर्तुगीज बखरकारांना ही अपघाती अडचण वाटते. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र तिच्यात निराळे काही दिसावे. एक मोठे जहाज अडवील असे भक्कम खुंट एका दिवसात उभे राहत नाहीत. प्रवाहाचे ज्ञान, लाकूड, जाळी आणि दरवर्षी दुरुस्तीस येणारे हात त्यामागे असले पाहिजेत. बाजाराच्याच हंगामात, व्यापाऱ्यांच्या नजरेसमोर, खाडीत हा दुसरा व्यवसाय स्थिर चालू होता, आणि बार्बोसाच्या 'थोड्या माणसांत' त्याचे चालक धरावे लागतात.

१५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी येथे किल्ला बांधावयास घेतला, १५७०-७१ चा वेढा सोसला, आणि १७४० मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला. तोपर्यंत दूरदेशीचा व्यापार सुरत-मुंबईकडे वळला होता. नंतरच्या लेखनात चौलचे वर्णन ओसाड, पडक्या नगराचे येते. तेही पाहुण्यांच्याच मापाने. प्रवाहात खुंटांना जाळे बांधून केलेली डोलीची मासेमारी ह्या किनाऱ्यावर आजही चालते.