हिऱ्याचं पाणी कोण जोखतं?

लग्नसराई जवळ आली की आपल्या केंद्राकडे दागिन्यांचे प्रश्न येऊ लागतात. सोन्यातलं आपल्याला बऱ्यापैकी कळतं. भाव रोज पेपरात असतो, वजन काट्यावर दिसतं. हिऱ्याच्या कुड्या किंवा अंगठी घ्यायची म्हटलं की मात्र आपण गप्प. दुकानदार म्हणेल ते पाणी आणि तो सांगेल ती किंमत! म्हणून आज आम्ही हिरा कुणी, कसा पारखला याची हकिगत घेऊन आलो आहोत. हकिगत जुनी आहे, पण काउंटरवर बसल्यावर तिचा उपयोग होतो.

अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगाच्या बाजारातला जवळजवळ प्रत्येक हिरा आपल्या देशातला असे. त्यामुळे पारख करण्याचं शास्त्रही इथेच वाढलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चांगल्या हिऱ्याची लक्षणं दिली आहेत: मोठा, जड, सारख्या कोनांचा, चमकणारा, भांड्यावर ओरखडा काढणारा आणि घाव सोसणारा. यातलं ओरखड्याचं बरोबर आहे, घावाचं मात्र नाही. हिरा सगळ्यात कठीण असला तरी हातोडी नेमकी बसली तर तो फुटतो. तेव्हा घरचा खडा खरा की खोटा हे पाहायला कुणी पाट्यावर ठेवून ठोकू नका. काच चिरण्याची परीक्षाही पुरेशी नाही, कारण काच चिरणारे दगड पुष्कळ आहेत.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत हिऱ्याचं वजन तांदळाच्या दाण्यांत मोजलं आहे. आठ पांढऱ्या मोहऱ्यांचा एक तांदूळ, आणि वीस तांदूळ भाराच्या निर्दोष हिऱ्याची किंमत दोन लाख. वजन उतरेल तशी किंमत उतरते, असा चक्क दरतक्ताच त्याने दिला आहे. जुन्या रत्नशास्त्रांत दोषांचीही नावं आहेत: मळ, बिंदू, यव, रेषा आणि काकपद. काकपद म्हणजे कावळ्याच्या पायासारखी तडकल्याची खूण. आज भिंगाखाली हिऱ्यातला डाग किंवा पीस पाहतात, ते हेच. नावं बदलली, दोष तेच राहिले.

पण या शास्त्रात दुसरंही काही मिसळलेलं होतं. पांढरा हिरा ब्राह्मणाचा, तांबूस क्षत्रियाचा, पिवळा वैश्याचा, काळा शूद्राचा, अशी रंगांनाही जात लावलेली. आणि आपल्याबद्दल? वराहमिहिर सांगतो की काही जाणकारांच्या मते पुत्राची इच्छा असणाऱ्या स्त्रीने हिरा घालूच नये. घालायचा तर शिंगाड्यासारखा, धण्यासारखा किंवा नितंबाच्या आकाराचा घालावा. दागिना बाईच्या अंगावर, पण तो कसा असावा हे ठरवणार दुसरेच! हिरा ‘लाभतो की नाही’ हे आजही आधी विचारलं जातं, त्याची मुळं इथवर जातात. आम्हाला विचाराल तर, हिऱ्याने कुणाचं बरंवाईट होत नाही. पारख न करता पैसे मोजले तर मात्र होतं.

शिवकाळात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच व्यापारी हिऱ्यांसाठी इकडे वारंवार येत होता. गोवळकोंड्याच्या राज्यात कृष्णाकाठी कोल्लूरला मोठी खाण होती. गोवळकोंडा ही खाण नव्हे बरं का, तो किल्ला आणि बाजार. नाव मात्र त्याचं झालं. तिथले व्यवहार ताव्हेर्नियेने बारकाईने लिहून ठेवले आहेत. आपले व्यापारी हिरा रात्री पाहत. भिंतीतल्या कोनाड्यात मोठ्या वातीचा दिवा ठेवायचा, खडा चिमटीत धरायचा आणि त्या उजेडात पाणी जोखायचं. निळसर झाक आहे का हे पाहायचं तर दाट पानांच्या झाडाखाली जायचं, हिरव्या सावलीत ती झाक उघडी पडते. सौदा कापडाखाली, हातात हात घेऊन, तोंडातून शब्द न काढता. अख्खा हात धरला की हजार, एक बोट म्हणजे शंभर, बोटाच्या मधल्या पेरापर्यंत पन्नास. चारचौघांत बसूनही भाव दोघांनाच ठाऊक! लहान मुलंही पिशवीत वजनं घेऊन झाडाखाली खरेदीला बसत. दहा वर्षांच्या मुलाला जे शिकवलं जाई, ते घरातल्या बाईला कुणी शिकवल्याचं त्या वर्णनात कुठे दिसत नाही.

आणखी एक गोष्ट त्याने हेरली होती. खडा स्वच्छ असेल तर इथले कारागीर त्याला चाकावर जेमतेम लावत, कारण वजन घटू द्यायचं नसे. डाग असेल तिथे मात्र भरपूर पैलू पाडून तो झाकत. म्हणजे तेव्हा जास्त पैलू दिसले की शंका घ्यायची! युरोपात याच्या उलट आवड वाढली. वजन गेलं तरी चालेल, पण प्रकाश आत जाऊन परत फिरला पाहिजे.

या दोन नजरांच्या मध्ये आपल्या नाशिकचा हिरा सापडला. त्र्यंबकेश्वराचा म्हणून ओळखला जाणारा, जगात ‘नासक’ नावाने गाजलेला हा हिरा १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाच्या पाडावानंतर इंग्रजांच्या हाती गेला. तेव्हा तो जवळजवळ ९० कॅरटचा होता. लंडनच्या जवाहिरांनी तो घासून ८०च्या आसपास आणला. १९४० साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने पुन्हा कापला आणि तो ४३ कॅरटचा उरला. कोहिनूरचंही तेच. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात लोकांना तो निस्तेज वाटला, पुढच्याच वर्षी कापून १०५ कॅरटवर आणला. नाशिकच्या हिऱ्याचं निम्म्याहून अधिक वजन गेलं, हे आम्हाला आजही चुटपुट लावतं. पण घाटाची किंमत केवढी धरली जाते हेही त्यातून कळतं. सारख्या वजनाचे, सारख्या रंगाचे दोन हिरे शेजारी ठेवले आणि एक मंद दिसला, तर फरक बहुधा घाटाचा असतो.

कॅरट हे मूळचं एका झाडाच्या बीचं वजन, जशी आपली गुंज. गावोगावचा कॅरट थोडा वेगळा असे. १९०७ साली २०० मिलिग्रॅम हे माप ठरलं आणि जगभर हळूहळू रूढ झालं. त्याचे शंभर भाग म्हणजे सेंट. सोन्याचा कॅरट वेगळा, तो शुद्धतेचा. हिऱ्याचे दागिने बहुतेक १८ कॅरट सोन्यात असतात. रंग, स्वच्छता, घाट आणि वजन ही चौकडी अमेरिकेतल्या १९३१ साली स्थापन झालेल्या जीआयए या संस्थेने रूढ केली. रंगाची पट्टी ‘डी’पासून ‘झेड’पर्यंत आहे. ‘ए’पासून का नाही? कारण व्यापाऱ्यांनी ए, डबल ए, ट्रिपल ए अशी अक्षरं मनाला येतील तशी वापरून ठेवली होती. ‘डी’ अगदी पांढरा. पुढे पिवळेपणा वाढत जातो.

आता दुकानात. एक कॅरटचा एकच खडा आणि बारीक खडे मिळून एक कॅरट, यांच्या किमतीत फार अंतर असतं. वजन दुप्पट झालं की किंमत चौपट, असा हिशेब ताव्हेर्नियेच्या काळी होता. आज तो तंतोतंत लागू नाही, पण मोठ्या खड्याचा प्रति कॅरट दर चढाच असतो. तेव्हा ‘एकूण एक कॅरट’ ऐकलं की खडे किती ते विचारा. दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली सगळेच हिरे हसतात, म्हणून खडा दारापाशी, साध्या उजेडात, पांढऱ्या कागदावर पाहायला मागा. लाजू नका. हॉलमार्क फक्त सोन्याबद्दल बोलतो; हिऱ्यासाठी प्रयोगशाळेचा दाखला वेगळा लागतो. मोठ्या खड्याच्या कडेवर अनेकदा दाखल्याचा नंबर कोरलेला असतो, तो भिंगातून वाचून जुळवा.

प्रयोगशाळेत घडवलेला हिराही खरोखरचा हिराच असतो, तोच कार्बन, तोच कठीणपणा. साध्या भिंगाने फरक कळत नाही, यंत्रच लागतं. तो स्वस्त असतो आणि मोडीला त्याचे पैसे फार कमी येतात. हौसेला घ्यायचा तर जरूर घ्या, पण स्त्रीधन म्हणून ठेवणार असाल तर तो नैसर्गिक की घडवलेला हे बिलावर लिहून घ्या. त्याच बिलावर सोन्याचं निव्वळ वजन, खड्यांचं वजन आणि मजुरी वेगवेगळी हवी, नाहीतर खड्याच्या वजनाचेही सोन्याच्या भावाने पैसे लागतात. परत घेताना किती टक्के कापणार, तेही त्याच कागदावर, सहीसकट.