परागंदा

आमच्या वंशावळीत खापरपणजोबांच्या एका चुलत्यांच्या नावापुढे 'परागंदा' एवढाच शब्द आहे. ते रत्नागिरीहून 'मोरसला' गेले, असे आजी सांगत असे. मोरस म्हणजे मॉरिशस. तिथली साखरही आपल्याकडे त्याच नावाने खपे. बदलीवर बंगळूरास, शहाजीराजांच्या या जुन्या जहागिरीत आल्यावर आम्ही त्यांचा शोध आरंभिला.

१८३४ पासून त्या बेटावर सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर उतरले. त्यांची दप्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. त्यांत क्रमांक, जहाज, बापाचे नाव, वय, उंची, गाव, अंगावरील खूणदेखील आहे. आडनाव मात्र सहसा नाही. गावाचे नावही कानी पडले तसे रोमन लिपीत उतरविलेले. स्वतः कारकून असल्याने आम्हांस त्या कारकुनाचा राग येत नाही. पुढे तिकडे पुष्कळदा मजुराचे नावच वंशजांचे आडनाव झाले. म्हणजे दोन वर्षे आम्ही जे आडनाव धुंडाळीत होतो, ते बहुधा बंदरावरच गळाले. आणि आमच्या वंशावळीत संपलेले नाव कदाचित तिकडे एखाद्या दारावर लागलेले असेल.

संस्थेस धाडावयाच्या अर्जातून आडनाव आम्ही खोडले आहे. बापाचे नाव ठेविले आहे, आणि गावाचे नाव तीन निरनिराळ्या स्पेलिंगांनी लिहिले आहे.