दर्या, दऱ्या आणि हर्फबझ

गेल्या वर्षी घरातल्या एका निकाहची पत्रिका छापायची होती. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. छापखान्यातून कच्ची प्रत आली तेव्हा उर्दूची सगळी अक्षरं सुटी झालेली आणि तीही डावीकडून उजवीकडे. मराठीत ‘सग्यासोयऱ्यांसह’ या शब्दातल्या ‘ऱ’चा पाय मोडून तो ‘यां’पासून वेगळा उभा होता. छापखानेवाले म्हणाले, कॉम्प्युटरच असं करतो. पण तोच मजकूर माझ्या साध्या फोनवर नीट दिसत होता. मग फोनला जे येतं ते त्या कॉम्प्युटरला का येऊ नये?

त्याचं उत्तर एका लायब्ररीत आहे. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांची खोली नव्हे. कुणीतरी एकदा लिहून ठेवलेला कोड, जो बाकीचे प्रोग्राम उचलून वापरतात. या लायब्ररीचं नाव हर्फबझ. नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे उघडं, खुलं. आपल्याकडच्या दगाबाज, तलवारबाज यांतला ‘बाज’ वेगळा. मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांनी 1996 साली ‘ओपनटाईप’ हा फॉन्टचा साचा जाहीर केला होता, त्याच नावाचं हे फारसी रूप.

मुळात अडचण कसली होती? युनिकोड प्रत्येक अक्षराला फक्त एक क्रमांक देतो. ते कसं दिसावं हे सांगत नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटी नंतर टाईप होते, पण दिसायला हवी आधी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. पहिल्यात रफार वर चढतो, दुसऱ्यात र आडवा होऊन ‘य’ला बिलगतो. उर्दूचं तर विचारू नका. नस्तालिकमध्ये शब्द उजवीकडून वरून खाली उतरत येतो, त्यामुळे पहिलं अक्षर किती उंचीवर बसणार हे पुढे काय येतंय त्यावर ठरतं. कातिबाचा हात हे नकळत करायचा. म्हणून तर उर्दू वर्तमानपत्रं 1980 च्या दशकापर्यंत हाताने लिहिली जात. मिर्झा अहमद जमील यांनी 1981 च्या सुमारास नूरी नस्तालिकसाठी हजारो जोडआकृत्या तयार केल्या आणि लाहोरचा ‘जंग’ त्यात निघू लागला. पुढे 1994 मध्ये दिल्लीत तयार झालेल्या इनपेजने ही सोय टेबलावरच्या संगणकात आणली. मोठं काम होतं ते. पण जुन्या इनपेजमधला मजकूर बाहेर काढून दुसरीकडे वापरणं अवघड होतं. मराठीतल्या जुन्या डीटीपी फॉन्टचंही तेच. फॉन्ट बदलला की पानभर इंग्रजी चिन्हांचा कचरा.

विंडोजमध्ये आकार देण्याचं काम युनिस्क्राइब करायचा, पण तो बंदिस्त. त्यात चूक असली तर कंपनी दुरुस्त करेल तेव्हा खरी. मुक्त प्रणालींमध्ये पँगो आणि क्यूटी यांनी फ्रीटाईप प्रकल्पातला एकच जुना कोड घेऊन आपापली वेगळी घरं थाटली होती. ती एकत्र आणून पुढे सगळं नव्याने लिहिलं ते बेहदाद इस्फहबोद यांनी. इराणच्या सारी शहरातला जन्म, पुढे कॅनडा, आधी रेड हॅट आणि मग गूगलमध्ये नोकरी. देवनागरी बरोबर बसते का हे पाहायला त्यांनी विकिपीडियावरून उचललेले 7 लाखांहून जास्त शब्द हर्फबझ आणि युनिस्क्राइब दोघांकडून काढून घेतले आणि जिथे फरक पडला तिथे कारण शोधलं. चूक दर वेळी हर्फबझचीच निघाली असंही नाही.

आता वेगाचं पाहा. एका वेबपानावर हजारो शब्द, फॉन्टमध्ये शेकडो नियम. प्रत्येक अक्षरावर प्रत्येक नियम लावून पाहिला तर पान सरकवताना फोन अडखळेल. हर्फबझ प्रत्येक नियमाजवळ एक छोटी खूणपट्टी ठेवतो: हा नियम साधारण कोणत्या आकृत्यांना लागू होतो याची. समोरच्या अक्षराची खूण पट्टीत नसेल तर तो नियम उघडलाच जात नाही. खूण असूनही नियम लागू नसेल तर थोडी मेहनत वाया जाते, पण उलटी चूक कधी होत नाही. फॉन्टची दुसरी नक्कलही तो स्मरणात करत बसत नाही. फाईल धोक्याची नाही ना हे एकदा तपासतो आणि मग जागच्या जागी वाचतो. एकाच लिपीचा, एकाच फॉन्टचा मजकूर पुन्हा आला तर आधीचाच आराखडा वापरतो.

फायरफॉक्सने 2011 साली चौथ्या आवृत्तीत तो घेतला. क्रोम आणि अँड्रॉइडमध्ये तो आला. लिबरऑफिसने 2017 मध्ये सगळीकडे त्यालाच बसवलं. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या फोनवर मराठीच्या जागी चौकोन दिसायचे, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. उर्दूभाषक तर रोमन लिपीतच निरोप पाठवायचे. अजूनही पाठवतात, ती सवय काही लायब्ररीने मोडली नाही.

पत्रिका शेवटी मी घरीच लिबरऑफिसमध्ये जुळवली. उर्दूला गूगलचा मोफत नोटो नस्तालिक लावला आणि पीडीएफ करून छापखान्यात दिली. त्यांनी ती मोठी करून पाहिली, ‘सोयऱ्यां’वर बोट ठेवलं आणि विचारलं, “फॉन्ट केवढ्याला पडला?”